पांढरी पूड आणि लाल लघवी : सोमलाविषयी वाचकांचे प्रश्न

काच कारखान्यांतील उष्णतेचा कामगारांच्या प्रकृतीवर होणारा परिणाम हा गेल्या महिन्यात या सदराचा विषय होता. वितळलेल्या काचेतील बुडबुडे घालवण्यासाठी काही ठिकाणी अजूनही सोमल वापरला जातो, असे एक वाक्य त्यात ओघाने आले होते. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे उष्णतेवरील पत्रांपेक्षा जास्त भरली, आणि त्यांतील काही पत्रे इतकी निकडीची होती, की हा महिना सोमलालाच द्यावा असे ठरवले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

आधी नावाचा घोळ दूर करू. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. आर्सेनिक आणि प्राणवायू यांचे संयुग. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची गंधकाशी जोडलेली खनिजे. पोथी लिहिताना चुकलेले अक्षर पिवळ्या हरताळेने झाकत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग आला. ही दोन्ही खनिजे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. सोमल त्या मानाने बराच विरघळतो आणि पोटातून व फुफ्फुसांतून सहज रक्तात जातो. त्याला वास नाही, चवही जवळजवळ नाही. दिसायला तो पिठीसाखरेसारखा किंवा खडूच्या पुडीसारखा असतो.

प्रश्न : माझे यजमान ११ वर्षे मुंबईजवळच्या एका काच कारखान्यात ‘बॅच हाउस’मध्ये कामाला आहेत. वाळू, सोडा, चुनखडी आणि काचेचा चुरा यांच्या मिश्रणात ते पिंपातून एक पांढरी पूड मापून टाकतात. दोन वर्षांपासून त्यांच्या नाकात खपल्या धरतात आणि सकाळी नाक शिंकरले की रक्त येते. तळहात व तळपाय खरखरीत होऊन त्यांवर बारीक दाणे आले आहेत. आमच्या डॉक्टरांनी भोवऱ्या समजून मलम दिले, पण फरक नाही. आता पायांना रात्री मुंग्या येतात. त्यांचे कामाचे कपडे मीच घरी धुते, आणि आमची मुलगी ७ वर्षांची आहे. कारखान्यात विचारले तर ‘काचेचीच पावडर आहे, काही होत नाही’ असे सांगतात. आम्ही काय करावे? – एक गृहिणी, मानखुर्द

उत्तर : ताई, आपण लिहिलेली लक्षणे एकेकटी पाहिली तर प्रत्येकीला दुसरे कारण सापडेल. नाकात खपल्या मुंबईच्या धुळीने धरतात, मुंग्या मधुमेहाने येतात, भोवऱ्या चपलेने होतात. परंतु नाक, त्वचा आणि नसा या तिन्ही गोष्टी एकाच माणसात, पांढऱ्या पुडीबरोबर ११ वर्षे काढल्यानंतर दिसत असतील, तर सोमलाचा विचार सर्वांत आधी करायला हवा. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करत नाही. मात्र ही शंका इतकी रास्त आहे, की तपासणी पुढच्या आठवड्यात व्हावी, पुढच्या महिन्यात नव्हे.

पहिले काम, ती पूड काय आहे हे जाणून घेणे. ‘काचेची पावडर’ हे उत्तर पुरेसे नाही. यजमानांना सांगा, की पिंपावरचे लेबल नीट पाहावे, शक्य तर त्याचा फोटो घ्यावा. सोमलाच्या पिंपावर कवटीचे चिन्ह आणि १५६१ हा आकडा असायला हवा. धोकादायक मालाची वाहतूक करताना जगभर सोमलासाठी हाच क्रमांक वापरतात. इंग्रजी वाचता येत नसले तरी आकडा वाचता येतो. लेबल फाडून टाकले असेल किंवा माल सुट्या पोत्यांतून येत असेल, तर या रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका लेखी अर्ज करून मागावी. कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांची माहिती मिळणे हा कामगाराचा हक्क आहे. त्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही.

शरीरात हा पदार्थ काय करतो, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातूनच डॉक्टरांना काय दाखवायचे हे कळेल. पुडीचा कण ओलसर जागी बसला की तिथली त्वचा जळते. म्हणून नाकाच्या आतले पातळ आवरण, डोळ्यांच्या कडा, काखा, मानेच्या घड्या आणि जांघा या जागा आधी लाल होतात. नाकाच्या मधल्या पडद्यावर खपली धरते, ती निघते, पुन्हा धरते, आणि काही जणांच्या पडद्याला शेवटी आरपार भोक पडते. ते दुखत नाही, म्हणून कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ लहान दिव्याने दोन मिनिटांत हे पाहू शकतात. आवाज घोगरा होणे, सतत खोकला राहणे हेही त्याच वाटेचे.

त्वचेवरच्या खुणा वर्षानुवर्षांच्या संपर्काने उमटतात. छाती-पाठीवरचा रंग गडद होतो आणि त्यात फिक्या रंगाचे बारीक ठिपके दिसतात. धुळीच्या जमिनीवर पहिल्या पावसाचे थेंब पडावेत, तसे ते दिसते, आणि त्वचारोगतज्ज्ञ त्याला त्याच नावाने ओळखतात. तळहातांवरचे दाणे मी माझ्या रुग्णांमध्ये आधी बोटाने शोधतो, मग डोळ्यांनी. रुग्णाचा हात हातात घेऊन अंगठा तळव्यावरून अलगद फिरवला, की त्वचेत खसखस पेरल्यासारखे ते लागतात. भोवरी जिथे दाब पडतो तिथे येते. हे दाणे दोन्ही तळव्यांवर, दाब नसलेल्या जागीही, साधारण सारख्या प्रमाणात येतात. त्यांतला एखादा वाढू लागला, फाटला, किंवा त्यावर न भरणारी जखम झाली, तर त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, कारण आर्सेनिकमुळे होणारा त्वचेचा कर्करोग अशा जागी सुरू होऊ शकतो.

मुंग्यांचे कारण नसांमध्ये आहे. आर्सेनिक लांब नसांच्या टोकांना आधी इजा करते, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते आणि दोन्ही पायांत सारखी होते. नंतर हातही तसेच, जणू मोजे आणि हातमोजे घातल्यासारखे बधिर होतात. संपर्क थांबला की नसा सुधारतात, पण फार हळू, आणि सगळ्यांच्या पूर्ण सुधारतात असे नाही. म्हणूनच उशीर नको.

आता जे लिहायला मला जड जाते ते लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आर्सेनिक आणि त्याची असेंद्रिय संयुगे (सोमल त्यांतलाच) माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहेत. फुफ्फुस, त्वचा आणि मूत्राशय या अवयवांबाबत पुरावा पक्का आहे. अमेरिकेतील माँटाना राज्यात, अॅनाकोंडा येथील तांबे वितळवण्याच्या कारखान्यासह अशा कारखान्यांतल्या ८,००० हून अधिक कामगारांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. तिथे भट्टीच्या धुराड्यातल्या धुळीत सोमल असे. एकूण कामगारांमध्ये श्वसनसंस्थेच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या तिप्पट होते, आणि ज्यांनी सोमलाच्या दाट संपर्कात १५ वर्षांहून अधिक काम केले त्यांच्यात ते आठपटीपर्यंत गेले. हे आकडे जुन्या काळातल्या, फार धुळीच्या कारखान्यांचे आहेत, आणि आपल्या यजमानांच्या बाबतीत तसेच होईल असा त्यांचा अर्थ नाही. पण यजमान विडी किंवा सिगारेट ओढत असतील तर ती आजच सोडायला हवी. तंबाखूचा धूर आणि आर्सेनिक एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा अधिक वाढतो. कारखान्यातली धूळ बंद करणे आपल्या एकट्याच्या हातात नाही, विडी आहे.

तपासणीसाठी महापालिकेच्या केईएम, शीव किंवा नायर रुग्णालयात जावे. यजमानांचा विमा असेल तर राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयात. तिथे त्वचारोग, मेंदू व मज्जासंस्था आणि कान-नाक-घसा या तिन्ही विभागांत दाखवावे. केसपेपरवर ‘व्यवसाय : नोकरी’ एवढे लिहून घेऊ नये. ‘काच कारखाना, कच्चा माल मिसळणे, आर्सेनिक ट्रायऑक्साइडशी ११ वर्षे संपर्क असण्याची शक्यता’ असे पूर्ण वाक्य लिहायला सांगावे. माझ्या अनुभवात या एका वाक्याने जेवढे निदान लवकर झाले, तेवढे कोणत्याही महागड्या तपासणीने झाले नाही. लघवीच्या तपासणीविषयी पुढे एका वाचकाच्या प्रश्नात लिहिले आहे, ते वाचून मगच नमुना द्यावा.

डॉक्टरांना यजमानांचे गावही सांगावे. बॅच हाउसमध्ये आणि भट्टीवर काम करणारे अनेक जण पश्चिम बंगाल, बिहार किंवा पूर्व उत्तर प्रदेशातील गंगाकाठच्या गावांतून आलेले असतात. तिथल्या हातपंपांच्या पाण्यात अनेक ठिकाणी आर्सेनिक मुळातच जास्त आहे. बालपण त्या पाण्यावर आणि तारुण्य या पुडीत गेले असेल, तर त्वचेवर दोन्ही लिहिलेले असते. गावच्या पाण्याचे कारण पुढे करून कारखान्याला मोकळे होता येऊ नये, आणि कारखान्यावर सगळे ढकलून गावातल्या बाकीच्या कुटुंबाचे पाणी तपासायचे राहू नये. मुंबईच्या नळाचे पाणी तलावांचे आहे. त्याच्याशी या त्रासाचा संबंध नाही.

कपड्यांचा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. ती पूड कॉलरच्या घडीत, खिशाच्या शिवणीत, बुटांच्या लेसमध्ये घरी येते. कपडे दारात झटकले की ती हवेत उडते, बादलीत भिजवून हाताने चोळले की आपल्या बोटांना लागते, आणि त्याच बादलीत मुलीचा गणवेश पडला तर त्यालाही. यापुढे कपडे झटकू नयेत; कामाचे कपडे आणि बूट कारखान्यातच राहावेत, तिथेच धुतले जावेत, आणि यजमानांनी आंघोळ करून घरच्या कपड्यांत बाहेर पडावे. असे कपडे धुण्याची सोय मालकाने करायची असते. ती होईपर्यंत कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणावेत, रबरी हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, बाकीच्या कपड्यांपासून दूर धुवावेत आणि ते पाणी मोरीत नीट वाहवून द्यावे. मुलीने ते हाताळू नयेत. यजमानांच्या तपासणीत आर्सेनिक जास्त आढळले, तर आपल्या आणि मुलीच्या लघवीचीही तपासणी करून घ्यावी. कडुलिंबाने, हळदीने किंवा कसल्याशा काढ्याने आर्सेनिक बाहेर पडते असे कोणी सांगितले तर ऐकू नये. तीव्र विषबाधेत आर्सेनिकला बांधून बाहेर काढणारी औषधे रुग्णालयात देतात. ती घरी घ्यायची नसतात, आणि जुन्या संपर्कात त्यांचा उपयोग मर्यादित असतो. खरा उपचार त्या पुडीपासून दूर होणे हाच आहे.

कारखान्यात काय बदलायला हवे, तेही सांगतो. सोमलाऐवजी अँटिमनीचे संयुग, सोडियम सल्फेट किंवा सिरियम ऑक्साइड वापरून बुडबुडे काढता येतात आणि अनेक कारखाने तसे करतात. यांतले काही पदार्थही अगदी निर्धोक नाहीत, पण सोमलापेक्षा बरे. ते शक्य नसेल, तर पूड उघड्या पाटीने न टाकता बंद, हवा खेचणाऱ्या पेटीत मिसळावी. झाडूने किंवा हवेच्या नळीने जमीन साफ करू नये. बारीक गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने पुसावी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा सर्दीचा कापडी मास्क या पुडीला अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, धुळीच्या बारीक कणांसाठी बनवलेला मास्क लागतो, आणि तो दाढीवर नीट बसत नाही. बॅच हाउसमध्ये डबा उघडू नये, पाण्याची बाटली ठेवू नये, तंबाखू मळू नये. पूड लागलेल्या अंगठ्याने मळलेला तंबाखू म्हणजे दिवसातून दहा वेळा सोमल तोंडात ठेवणे होय.

प्रश्न : तळोजा भागातील एका गॅल्व्हनायझिंग (लोखंडावर जस्ताचा थर देणाऱ्या) कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. जुलैमध्ये आमच्याकडे आम्लाची टाकी साफ करायला दोन मुले उतरली होती. तळाचा गाळ ती जस्ताच्या बादलीने उपसत होती. एकाला संध्याकाळी थंडी वाजून पोट दुखू लागले, रात्री लघवी काळसर लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. जवळच्या डॉक्टरांनी लेप्टो म्हणून उपचार सुरू केले. पुढे त्याला डायलिसिस लागले. तो वाचला, दुसऱ्याला काहीच झाले नाही. एका वरिष्ठांनी ‘हा गॅसचा प्रकार असू शकतो’ असे म्हटले, पण आमच्याकडे तर आर्सेनिक वापरतच नाहीत. मग हे कसे शक्य आहे? – एक पर्यवेक्षक, कुर्ला

उत्तर : हे शक्य आहे, आणि आर्सिन (आर्सेनिक आणि हायड्रोजन यांचे संयुग) या वायूच्या बहुतेक विषबाधा अशाच, आर्सेनिक ‘वापरतच नाहीत’ अशा ठिकाणी होतात. जस्त, शिसे, तांबे यांच्या धातुकामात आणि औद्योगिक आम्लांत आर्सेनिक अशुद्धी म्हणून थोडेसे असते. आम्ल आणि धातू एकत्र आले की हायड्रोजन तयार होतो. तो नव्याने निर्माण होत असतानाच जवळच्या आर्सेनिकला पकडतो आणि आर्सिन बनतो. आम्लाच्या गाळात जस्ताची बादली बुडवणे म्हणजे नेमकी ही क्रिया हाताने घडवून आणणे. टाकी साफ करायला प्लास्टिकची किंवा रबरी बादली वापरा, हा नियम म्हणूनच फार जुना आहे.

आर्सिन रंगहीन असतो आणि हवेपेक्षा सुमारे २.७ पट जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी साचतो. कधी त्याला लसणीसारखा वास येतो, पण त्या वासावर विसंबून चालणार नाही. अमेरिकेत ८ तासांच्या पाळीसाठी ठरलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.०५ भाग इतकी आहे, आणि वास जाणवतो तो साधारण ०.५ भागाला, म्हणजे मर्यादेच्या दहापट झाल्यावर. शिवाय तो वायू नाकाला किंवा डोळ्यांना झोंबत नाही. क्लोरीनची गळती झाली तर माणूस खोकत बाहेर पळतो. आर्सिनमध्ये तो शांतपणे काम पुरे करतो आणि घरी जातो. दुसऱ्या मुलाला काही झाले नाही याचेही आश्चर्य नको. टाकीत कोण वाकून गाळ उपसत होता आणि कोण काठाशी बादली घेत होता, एवढ्यानेही फरक पडतो. तरीही त्याची लघवी आणि रक्त तेव्हाच तपासायला हवे होते.

हा वायू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. दोन ते चोवीस तासांनी पोटदुखी, थंडी, डोकेदुखी सुरू होते. पेशींतून सांडलेले हिमोग्लोबिन लघवीत उतरून ती गडद लाल होते, मग कावीळ दिसते, आणि तेच हिमोग्लोबिन मूत्रपिंडांत अडकून ती बंद पडू शकतात. मुंबईच्या पावसाळ्यात कोणत्याही डॉक्टरांसमोर ताप, कावीळ आणि कमी होत चाललेली लघवी घेऊन तरुण आला, तर त्यांच्या मनात लेप्टोस्पायरोसिस येणे अगदी साहजिक आहे. नाही तर मलेरिया. म्हणून मी त्या डॉक्टरांना दोष देणार नाही. चूक आपल्या बाजूने झाली : रुग्णाबरोबर कोणीही जाऊन ‘हा काल आम्लाच्या टाकीत उतरला होता’ हे सांगितले नाही. ते सांगितले असते तर साध्या तपासणीतला एक विसंवाद डॉक्टरांच्या लक्षात आला असता. आर्सिनमध्ये लघवीच्या पट्टीवर रक्त भरपूर दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नसतात. यात दूषित रक्त बदलणे आणि डायलिसिस हेच मुख्य उपचार असतात. आर्सेनिक बाहेर काढणारी नेहमीची औषधे फुटणाऱ्या पेशी थांबवत नाहीत. त्यामुळे ज्या रुग्णालयात ही सोय आहे तिथे पहिल्या काही तासांत पोचणे महत्त्वाचे.

पुढे काय करावे, हे आपण पर्यवेक्षक म्हणून ठरवू शकता. टाकीत उतरण्यापूर्वी लेखी परवाना, हवेची मोजणी, पंख्याने सतत हवा खेळवणे, बाहेर उभा असलेला आणि आत न उतरणारा माणूस, आणि स्वतंत्र हवापुरवठा असलेला मास्क. धुळीचा मास्क वायूला अडवत नाही. आधीच्या उत्तरात मी सोमलाची जमीन ओल्या फडक्याने पुसायला सांगितले आहे. तो सल्ला इथे लागू करू नका. जुन्या बॅटऱ्यांचे शिसे वितळवणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. शिशात आर्सेनिक मिसळलेले असते, ते काढण्यासाठी कॅल्शियम किंवा अॅल्युमिनियम वापरले असेल तर वर जमणारी मळी पाण्याचा शिपका बसताच आर्सिन सोडू शकते. अशी मळी कोरडी, झाकलेली आणि पावसापासून दूर ठेवावी लागते. मुंबईत उघड्या शेडखाली मळीचे ढीग पडलेले असतात आणि जूनमध्ये छत गळते, हे चित्र मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मनात धास्ती बसली आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेलेन १८१५ साली म्युनिकमध्ये याच वायूवर प्रयोग करताना मरण पावले. धोका माहीत होऊन दोन शतके झाली, आणि तरीही एक मुलगा जस्ताची बादली घेऊन टाकीत उतरतो, हे मला सहन होत नाही. त्या बादल्या आजच भंगारात काढाव्यात.

प्रश्न : कारखान्याच्या तपासणीत माझ्या लघवीत आर्सेनिक मर्यादेपेक्षा खूप जास्त आले. कंपनीचे डॉक्टर म्हणतात, ‘तुम्ही कोळी ना, मासे खाता म्हणून आले, काळजी करू नका.’ हे खरे आहे, की मला गप्प बसवले जात आहे? – एक कामगार, वरळी

उत्तर : अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच घातक आहे. कोळंबी, खेकडे, बोंबील, सुरमई यांच्यात आर्सेनिकचे एक निरुपद्रवी सेंद्रिय संयुग असते. ते शरीरात थांबत नाही, पण लघवीतल्या ‘एकूण आर्सेनिक’च्या आकड्यात मिसळते आणि एका जेवणाने तो आकडा कितीतरी पट वाढू शकतो. सुकटीची चटणीही त्याला पुरते.

परंतु मासे खाल्ले एवढ्यावरून सोमल नाही असे सिद्ध होत नाही. त्याचा उपाय सोपा आहे : तीन-चार दिवस, शक्य तर पाच दिवस ओले-सुके कोणतेही मासे खाऊ नका, आणि कामाच्या आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर पुन्हा नमुना द्या, कारण सोमल शरीरातून काही दिवसांत बाहेर पडतो आणि सुट्टीनंतर दिलेला नमुना फसवतो. नमुना देताना कामाचे कपडे बदला आणि हात स्वच्छ धुवा. बाहीवरची पूड बाटलीत पडली तर सगळेच वाया. प्रयोगशाळेला ‘एकूण आर्सेनिक’ नव्हे, तर ‘असेंद्रिय आर्सेनिक आणि त्याचे मेथिल घटक’ (म्हणजे शरीरात त्यापासून बनणारे पदार्थ) वेगळे मोजायला सांगा. या वेगळ्या मोजणीसाठी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेला मार्गदर्शक आकडा लिटरला ३५ मायक्रोग्रॅम आहे. केस आणि नखे तपासून घेऊ नका. त्यांच्यावर बाहेरून बसलेली पूड आणि आतून आलेले आर्सेनिक वेगळे करता येत नाही. आणि अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेवा.

प्रश्न : मी एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात परिचारिका आहे. तिथे रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी आर्सेनिक ट्रायऑक्साइडचे इंजेक्शन देतात. गेल्या अंकातले वाक्य वाचून धक्का बसला. हे औषध, की विष? – एक परिचारिका, परळ

उत्तर : दोन्ही. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात हे औषध फार गुणकारी ठरले आहे. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांनी १९७०च्या दशकात त्याचा वापर सुरू केला आणि २००० साली अमेरिकेतही त्याला मान्यता मिळाली. रुग्णाला ते ठरावीक मात्रेत, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून देतात. आपल्याला मात्र त्याचा काहीच फायदा नाही, म्हणून इतर कर्करोगविरोधी औषधांसारखीच काळजी घ्यावी : औषध हवा खेचणाऱ्या बंद कपाटात तयार व्हावे, दुहेरी हातमोजे आणि गाऊन वापरावा, सांडले तर त्यासाठीच्या संचाने पुसावे, आणि रुग्णाची लघवी हाताळताना हातमोजे घालावेत. गर्भवती परिचारिकांनी हे काम करू नये. त्यांनी प्रमुखांकडे तशी लेखी विनंती करावी.

प्रश्न : मी कंत्राटदाराकडून कामावर आहे. आजार झाला तर कायद्यात काही आहे का? – एक कामगार, गोवंडी

उत्तर : आहे, आणि पुष्कळ आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आर्सेनिकची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला आजार होता, आणि त्याच्या जागी आलेल्या संहितेतही आहे. तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो कारखाने निरीक्षणालयाला कळवायचा असतो. अनेक डॉक्टरांना हे ठाऊक नसते, तुम्ही आठवण करून द्यावी. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. घातक पदार्थ हाताळणाऱ्या कारखान्यात कामगाराची कामावर घेताना आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत आरोग्यतपासणी होऊन तिची नोंद ठेवावी लागते, आणि ती नोंद कामगाराला पाहता येते. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ नुसार आर्सेनिकमुळे होणारे आजार व्यावसायिक आजारांच्या यादीत होते, आणि नव्या संहितेतही आहेत. अशा कामात सलग सहा महिने असलेल्या कामगाराला तो आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असे धरून चालतात, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते. तुमचा राज्य कामगार विमा असेल तर हीच भरपाई त्या योजनेतून मागावी लागते, दोन्हींकडून नाही. नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितांतही आजारांच्या अशा याद्या कायम आहेत.

एका गोष्टीवर मी नाराज आहे. कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत हवेतील आर्सेनिकची मर्यादा घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम दिली होती. अमेरिकेत १९७८ पासून ती ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट कडक आहे. ‘कायद्यात बसते’ असे कोणी म्हणाले, तर तेवढ्याने तुमची फुफ्फुसे सुरक्षित होत नाहीत. हवेची मोजणी कोणाकडून करून घ्यावी असे तुमच्या संघटनेने विचारले, तर शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्याची प्रयोगशाळा आहे.

कंत्राटी कामगाराची खरी अडचण कायद्याची नसते, पुराव्याची असते. तो इथे होता हेच नंतर सिद्ध होत नाही. म्हणून एक वही ठेवा. कोणत्या तारखेपासून, कोणत्या खात्यात, कोणत्या मुकादमाच्या हाताखाली काम केले, पिंपावर कोणता आकडा होता, कधी आजारी पडलात, हे लिहा. हजेरीकार्डाचा, गेटपासचा, डब्यावरच्या लेबलाचा फोटो काढून तो घरच्या एखाद्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा, म्हणजे तुमचा फोन हरवला तरी तो राहील. केसपेपरांवर तारीख आहे का ते बघा. नसेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांकडून लिहून घ्या.